म्हैसूरचा दसरा : राजाचा आणि रयतेचा

मुलुखाबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुले मोठी होत चालली, पण त्यांच्या आठवणीत गावची जत्रा नाही, ग्रामदेवतेची पालखी नाही, वाड्याच्या ओसरीवरून पाहिलेली मिरवणूक नाही. त्यांना आठवतो तो कुठल्या तरी परप्रांतीय शहरातला मेळा, तेथला पाळणा, तेथला खाऊ आणि ज्या भाषेत आईबापांना दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत त्या भाषेतल्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. उत्सव हा एका गावाचा, एका मातीचा आणि तेथे जन्मलेल्यांचाच असतो. बाहेरून आलेला माणूस तेथे केवळ पाहुणा, अशी ती समजूत होय. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हे पाहण्यासाठी आम्ही येथे म्हैसूरच्या दसऱ्याचा विचार करणार आहोत. दक्षिणेत बदली झालेल्या मराठी कुटुंबाने मुलाबाळांना घेऊन एकदा तरी पाहावा, असा हा सोहळा आहे. शिवाय ह्या उत्सवाची स्वतःचीच दोन वेळा बदली झालेली आहे आणि तरीही तो टिकून राहिला आहे.

ह्या दसऱ्याचे मूळ म्हैसुरात नाही. ते तुंगभद्रेच्या काठी, विजयनगरात आहे. हंपीच्या अवशेषांत महानवमी दिब्बा ह्या नावाने ओळखला जाणारा दगडी चौथरा आजही उभा आहे. त्याच्या बाजूंवर हत्ती, घोडे, नर्तकी, शिकारी आणि मल्ल ह्यांच्या रांगाच्या रांगा कोरलेल्या आहेत. चौथऱ्यावरचा मंडप केव्हाच नाहीसा झाला. खाली कोरलेली मिरवणूक मात्र अजून चालतेच आहे. १४४३ साली दुसऱ्या देवरायाच्या दरबारात आलेला इराणी वकील अब्दुर रझाक ह्याने महानवमीचे वर्णन लिहून ठेवले आहे. विस्तीर्ण मैदान, त्यात उभारलेले अनेक मजली चित्रित मंडप, सजवलेले हत्ती, गाणारे आणि खेळ करणारे, हे सर्व त्याने डोळे विस्फारून पाहिले आहे. एका शिकवलेल्या हत्तीने लाकडी तुळईवर तोल सांभाळून केलेला खेळ त्याला इतका विलक्षण वाटला की, राजनैतिक कामगिरीच्या वृत्तांतात त्याने त्यालाही जागा दिली. १५२० च्या सुमारास कृष्णदेवरायाच्या वेळी आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस हाही तसाच रमलेला दिसतो. नऊ दिवसांचे नृत्य, कुस्त्या, रात्रीच्या मशाली आणि दारूकाम ह्यांची त्याने तपशीलवार नोंद केली आहे. दागिन्यांच्या भाराने चालता येईना म्हणून ज्यांच्या हातांना दुसऱ्या स्त्रिया आधार देत होत्या, अशा राजस्त्रियाही त्याने टिपल्या आहेत.

ह्या दोघांच्या वृत्तांतांत आम्हांला एक गोष्ट लक्षणीय वाटते. दोघेही परके होते. एक हेरातच्या दरबारातून निघालेला, दुसरा समुद्रापलीकडचा. तेथली भाषा, तेथला धर्म त्यांचा नव्हता. तथापि विजयनगरच्या महानवमीविषयी आज जे काही जिवंत वर्णन हाती आहे, त्याचा फार मोठा भाग अशा परक्यांच्याच लेखणीतून उतरलेला आहे. उत्सवाची स्मृती राखण्याचे काम बाहेरून आलेल्यानेही केले आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१५६५ मध्ये राक्षसतागडीच्या, अर्थात तालिकोटच्या, रणांगणावर विजयनगरचा पाडाव झाला. राजधानी उजाड झाली आणि उत्सवाचे यजमानपद रिकामे पडले. पुढे ४५ वर्षांनी, १६१० मध्ये, म्हैसूरच्या राज वोडेयराने विजयनगरच्या सुभेदाराकडून श्रीरंगपट्टण घेतले आणि त्याच वर्षी तेथे दसऱ्याचा उत्सव आरंभिला. त्यामागील हेतू उघड आहे. जो महानवमी साजरी करील तो विजयनगरचा वारस, असे त्याला जगाला सांगावयाचे होते. उत्सवाच्या तोंडावरच त्याच्या मुलाला मृत्यू आला, तरी त्याने उत्सव थांबू दिला नाही आणि राजघराण्यातील सुतकानेही हा सण अडू नये असा नियम घालून दिला, अशी म्हैसूरची परंपरा सांगते. ह्या कथेत आम्हांला एक मर्म दिसते. ज्या क्षणी घरच्या दुःखासाठीही उत्सव थांबत नाही असे राजाने मान्य केले, त्या क्षणी तो उत्सव केवळ त्याच्या घरचा उरला नाही.

दसऱ्याचा हा पहिला बदलीचा हुकूम. तुंगभद्रेकाठचा सण कावेरीच्या बेटावर आला आणि रुजला.

ह्याच काळात महाराष्ट्रातही दसरा मोठा होत होता, पण त्याचे वळण वेगळे होते. आमच्याकडे दसरा म्हणजे सीमोल्लंघन. पाऊस सरला, नद्या उतरल्या, पिके हाताशी आली की शिलंगणाचे सोने लुटून फौजा बाहेर पडत. त्या फौजांची एक वाट ह्याच म्हैसूरच्या मुलुखाकडे येत असे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी हैदरअलीविरुद्ध १७६४ पासून एकामागून एक मोहिमा काढल्या. मार्च १७७१ मध्ये मेलुकोट्याजवळ मोती तलावाच्या लढाईत त्रिंबकराव पेठे ह्यांनी हैदराचा मोड केला आणि मराठी फौज श्रीरंगपट्टणाच्या तटापर्यंत जाऊन भिडली. म्हणजे पुण्याचे सीमोल्लंघन ज्या भूमीवर येऊन थांबत असे, तेथेही दसराच साजरा होत होता. एकीकडे सण झाला की माणूस घर सोडून निघे. दुसरीकडे सणासाठी माणसे राजधानीत गोळा होत. आज ज्या मराठी माणसाची म्हैसूरकडे बदली होते तो बिछाना, ट्रंका आणि मुलांच्या शाळेचे दाखले घेऊन येतो. तेही सीमोल्लंघनच आहे. फक्त ते लुटीसाठी नाही, एवढाच काय तो फरक.

त्या श्रीरंगपट्टणात त्या वेळी एक चमत्कारिक प्रकार चालला होता. १७६१ पासून खरी सत्ता हैदराच्या हाती गेली होती. वोडेयर राजा नावापुरता उरला होता. तरीही दसरा आला की राजाला सिंहासनावर बसवून लोकांना त्याचे दर्शन घडविण्याची रीत हैदराने मोडली नाही. राज्य हिरावून घेता आले, पण सण हिरावून घेण्याचे धाडस त्या धुरंधर सेनानीलाही झाले नाही. त्याला दरबारी मंडळींची भीती वाटत होती असे नाही. वर्षातून एकदा गावोगावहून बायकामुलांसह येऊन उभ्या राहणाऱ्या रयतेला काय सांगावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुढे १७९६ मध्ये तो नामधारी राजा वारला, तेव्हा टिपूने दुसरा बसविला नाही.

१७९९ मध्ये टिपू पडला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराजाला म्हैसूरच्या गादीवर बसविले. राजधानी श्रीरंगपट्टणाहून म्हैसुरास हलली आणि तिच्यामागोमाग दसराही. ही त्याची दुसरी बदली. ह्या तिसऱ्या कृष्णराजाच्या कारकीर्दीत, १८०५ पासून, दसऱ्यात युरोपियन पाहुण्यांसाठी वेगळा दरबार भरू लागला. कोणी कोठे बसावे, कोणाची खुर्ची किती पुढे, ह्याचे शिष्टाचार ठरले. राजस्त्रिया वरच्या सज्ज्यांतून पडद्याआडून पाहत. साध्या माणसाला मात्र ह्यांपैकी कोणतीच बैठक नव्हती. तो रस्त्याच्या कडेला होता. आमच्या मते म्हैसूरच्या दसऱ्याचा खरा इतिहास ह्या कडेवरच घडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्या कडेच्या माणसाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले, ते दोन वाटांनी. १८८१ मध्ये दिवाण रंगाचार्लू ह्यांनी म्हैसूरची प्रातिनिधिक सभा स्थापन केली आणि तिचे अधिवेशन दसऱ्याच्या सुमारास भरविण्याचा पायंडा पाडला. सणासाठी राजधानीत लोक येतातच, तर त्याच वेळी तालुक्या-तालुक्यांतील प्रतिनिधींपुढे राज्याचा जमाखर्च मांडावा, असा हा व्यवहारी विचार होता. दरवर्षी दिवाण सभेपुढे वर्षाच्या कारभाराचे निवेदन करी. सभेचे अधिकार मर्यादित होते हे खरे. परंतु हत्तीची मिरवणूक पाहावयास आलेल्या माणसाला राज्याचा हिशेब ऐकविणारा दुसरा उत्सव आम्हांला तरी ठाऊक नाही.

ह्या निवेदनकर्त्या दिवाणांत दोन नावे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १९०६ ते १९०९ ह्या काळात दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून १९१२ पर्यंत त्या पदावर असलेले टी. आनंदराव, हे दोघेही तंजावरकडील मराठी घराण्यांतले होते. आनंदराव हे तर बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव ह्यांचे चिरंजीव. महाराष्ट्रापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेली ही माणसे कन्नड मुलुखाच्या सर्वांत मोठ्या सणात यजमानाच्या बाजूला उभी होती. बदलीच्या गावी आपण परके आहोत अशा भावनेने ज्यांचे मन खट्टू होते, त्यांनी ह्या दोघांचे स्मरण करावे.

दुसरी वाट प्रदर्शनाची. १८८० च्या सुमारास, चामराजेंद्र वोडेयरांच्या काळात, दसऱ्याला जोडून प्रदर्शन भरू लागले. नवी अवजारे, नवे उद्योग, नवे माल रयतेला दिसावेत हा उद्देश. उद्देश गंभीर असला तरी कुटुंबांनी त्याला आपल्या सोयीचे रूप दिले. बाप यंत्रे पाहू लागला, आई साड्या आणि भांडी, आणि मुले ह्या दोघांना ओढीत पाळण्याकडे नेऊ लागली. आज राजवाड्यासमोरील दोड्डकेरे मैदानावर भरणाऱ्या प्रदर्शनात हेच चित्र दिसते. सरकारी खात्यांचे मंडप ओळीने उभे असतात. त्यांत धरणांच्या प्रतिकृती, आरोग्याचे तक्ते आणि शेतीचे नमुने मांडलेले असतात. ज्या मराठी अधिकाऱ्याच्या गळ्यात असा एखादा मंडप पडला असेल, त्याला अनुभव असेल की लोक तक्त्यांपुढे घटकाभर थांबतात आणि मग मिरचीची भजी, चुरमुरी आणि ताटाएवढा मसाला लावलेला पापड ह्यांच्याकडे वळतात. त्या पापडाला तेथे ‘दिल्ली हप्पळ’ म्हणतात. म्हैसूरच्या सणातल्या खाऊलाही परगावचे नाव चिकटावे, ह्यात आमच्या मुद्द्याला अनायासे पुष्टीच मिळते.

दरम्यान शहराचे रूप पालटत होते. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या विवाहप्रसंगी जळाला. हेन्री आयर्विन ह्याच्या आराखड्याप्रमाणे नवा राजवाडा १९१२ मध्ये उभा राहिला. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर १९०२ मध्ये वीज निर्माण होऊ लागली होती. ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०८ मध्ये म्हैसूर शहरात आली. सणाच्या रात्री राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे एकदम उजळतात, त्या क्षणी मैदानातल्या हजारो मुलांच्या तोंडून जो एकच उद्गार निघतो तो ज्याने ऐकला आहे, त्याला ह्या तपशिलाचे महत्त्व सांगावयास नको. विजयनगरच्या मशालींची जागा पाण्यापासून काढलेल्या विजेने घेतली. मशाली मात्र पुरत्या गेल्या नाहीत. विजयादशमीच्या रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत अजूनही होते.

राजवाड्यातील कल्याणमंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे आहेत. विसाव्या शतकाच्या चौथ्या आणि पाचव्या दशकांत दरबारी चित्रकारांनी ती रंगविली. अंबारीतले चौथे कृष्णराज, घोडदळ, वाद्यवृंद, मानकरी, सारे त्यांत आहे. चित्रे पाहताना सोबतच्या मुलाला राजा दाखवावा लागतो; पण मुलाची नजर लवकरच गर्दीकडे वळते, कारण तो स्वतः तेथे असतो.

मिरवणुकीचा मार्ग राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे पाच किलोमीटरचा आहे. त्यातील मुख्य रस्त्याचे नाव सयाजीराव रस्ता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या नावाने तो ओळखला जातो. एका मराठी राजाच्या नावाच्या रस्त्यावरून कन्नड मुलुखाची मिरवणूक जाते आणि त्याच्या दोन्ही अंगांना, देवराज बाजाराच्या भिंतीला लागून, माणसे सकाळपासून जागा धरून बसतात. सतरंज्या अंथरलेल्या असतात, डब्यांतून चित्रान्न आणि दहीभात निघतो, आजीबाईंना भिंतीचा टेकू दिला जातो आणि लहानांना खांद्यावर घेण्याच्या पाळ्या ठरतात. अधिकाऱ्याला राजवाड्याच्या आवारातील आसनांचा पास मिळण्याची शक्यता असते. तो मिळाल्यास अवश्य वापरावा. परंतु एका वर्षी तरी तो खिशातच ठेवून कुटुंबासह ह्या रस्त्याच्या कडेला बसावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आसनावरून मिरवणूक दिसते. कडेवरून उत्सव दिसतो. शेजारचे अनोळखी कुटुंब आपल्या मुलाच्या हातावर कोसंबरी ठेवते, तेव्हा भाषेचा प्रश्न पुष्कळसा सुटलेला असतो.

आता आम्ही ह्या इतिहासातील कसोटीच्या प्रसंगाकडे येतो. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची मान्यता संपुष्टात आली. जयचामराज वोडेयरांची सोन्याच्या अंबारीतली सार्वजनिक स्वारी त्या सुमारास बंद पडली. तीन शतकांहून अधिक काळ ज्या उत्सवाचा अर्थ ‘राजाचे दर्शन’ असा होता, त्यातून राजाच गेला. आता हा सण कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी कोणालाही पडावा. लोकशाहीत राजाच्या हत्तीचे काय काम, असे म्हणता आले असते, आणि ते चुकीचेही ठरले नसते.

उत्तर मिळाले ते असे. राज्यशासनाने दसरा ‘नाडहब्ब’, म्हणजे साऱ्या मुलुखाचा सण, म्हणून चालविला आणि सुमारे ७५० किलो वजनाच्या त्या अंबारीत राजाच्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान झाली. राजघराण्याचा खाजगी दरबार आजही राजवाड्यात भरतो, मल्लांची वज्रमुष्टीची झुंज होते. परंतु रस्त्यावरची मिरवणूक राज्याची आहे आणि तिच्यात जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ चालतात. शासनाने सण हाती घेतला म्हणजे त्यातला जीव जातो, अशी एक समजूत आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती खरीही ठरते. येथे ती खरी का ठरली नाही? आमच्या मते कारण एकच. अंबारीतील आसन रिकामे झाले तरी रस्त्याची कडा रिकामी झाली नाही. दरवर्षी बायकामुलांना घेऊन येऊन बसण्याची सवय कोणत्याही फर्मानाने लागलेली नव्हती. म्हणून ती घटनादुरुस्तीने सुटलीही नाही. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटावयास धावणाऱ्या पोरांकडे ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

ह्या बदललेल्या उत्सवाचा नायक आता हत्ती आहे. राजाच्या काळी मुले महाराजांचे नाव घेत असतील. अलीकडच्या पिढ्यांना नावे ठाऊक असतात ती हत्तींची. द्रोणाने १८ वर्षे अंबारी वाहिली आणि १९९८ मध्ये विजेच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. त्यानंतर बलराम आला, मग अर्जुन, आणि २०२० पासून अभिमन्यू. बलराम मे २०२३ मध्ये गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रानटी हत्ती पकडण्याच्या मोहिमेत एका जंगली हत्तीशी झालेल्या झुंजीत अर्जुनही मरण पावला, तेव्हा घरातले वडील माणूस गेल्यासारखी हळहळ म्हैसुरात व्यक्त झाली.

हे हत्ती नागरहोळे आणि आसपासच्या अरण्यांतील छावण्यांतून सणाआधी कित्येक आठवडे म्हैसुरास येतात. त्यांना वाळूच्या पोत्यांचे वजन वाहण्याचा सराव देतात, तोफांच्या आवाजाची सवय करतात, उडीद, गूळ, नारळ, लोणी असा खुराक देतात. त्यांच्याबरोबर माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी येतात, आणि त्यांची बायकामुलेही. राजवाड्याच्या आवारात ही कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात आणि शाळा बुडू नये म्हणून त्यांच्या मुलांसाठी तेथेच तात्पुरती शाळा चालविली जाते. बापाच्या कामगिरीमुळे मध्येच शाळा बदलणाऱ्या मुलांची स्थिती आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जगाला जी मिरवणूक दिसते ती ह्या बदलीवर आलेल्या कुटुंबांच्या कष्टांवर उभी असते. सण ज्यांच्यावाचून होऊच शकत नाही, ती माणसेही म्हैसूरची नव्हेतच.

म्हैसूरच्या घराघरांत नवरात्रात बाहुल्या मांडतात. त्यात लाकडाची राजा-राणीची जोडी मानाची असते. पुष्कळदा ती मुलीला माहेरहून मिळालेली असते. वर्षानुवर्षे तिच्याभोवती नव्या बाहुल्यांची भर पडत जाते. शेजारच्या मराठी घरातही पाहता पाहता एक फळी लागते, तिच्यावर आधी महालक्ष्मीचे मुखवटे, मग चन्नपट्टणचे लाकडी घोडे, पुढच्या बदलीच्या गावाहून आणलेली आणखी काही खेळणी. ही सरमिसळ आहे खरी. परंतु स्मृती साठविण्याची एक रीत म्हणून ती काही कमी प्रतीची नव्हे.

मिरवणूक जेथे संपते त्या जागेचे नाव बन्नीमंटप. बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासात पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली ती. आपण आपट्याची पाने देतो, तेथे शमीची. कन्नडमध्ये ‘बन्नी’ ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: ‘या’. दारी आलेल्याला आदराने आत बोलावण्याचा हा रोजचा शब्द. नव्याने बदलून गेलेल्या मराठी कुटुंबाच्या कानी पडणाऱ्या पहिल्या काही कन्नड शब्दांत तो बहुधा असतोच.

म्हणून परगावची जत्रा आठवणाऱ्या मुलांविषयी आम्हांला खंत वाटत नाही. त्यांना गावची पालखीही दाखवावी, त्यासाठी रजा काढावी, प्रवास करावा. ते आपले कर्तव्यच आहे. पण ज्या सणाने दोन राजधान्या मागे टाकल्या, यजमान बदलले आणि शेवटी राजालाही निरोप दिला, त्याच्या कडेवर मांड ठोकून बसलेल्या मुलाला ‘हे आपले नव्हे’ असे सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. तेथे बसलेला प्रत्येकजण केव्हा ना केव्हा दुसरीकडूनच आलेला आहे.